ड्रॅगनच्या सोन्याचा बट्टा

पैशाबद्दल बोलायला लागला की मराठी माणसाच्या तोंडून सगळी जुनी टाकसाळ बाहेर पडते. एखाद्याचे बोलणे सोळा आणे खरे असते, एखादा गडी बंदा रुपया असतो, कोणाचे नाणे खणखणीत वाजते, तर कोणाच्या नावाला बट्टा लागलेला असतो. खिशात दमडी नसते, शेजारी छदाम देत नाही, आणि शेवटी सगळेच कवडीमोल होऊन बसते. यातले एकही नाणे आज बाजारात चालत नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि आण्या-पैंचा हिशेब मोडीत निघू लागला. दाम आणि दमडी तर अकबराच्या वेळची. भाषेत मात्र ही सगळी नाणी अजून पुऱ्या किमतीला चालतात. त्यांच्यावर कोणी वटाव कापत नाही.

हे सारे डोक्यात येण्याचे कारण अर्थशास्त्राचा तास नव्हे. (आमच्या प्राध्यापकांनी हे वाचून वाईट वाटून घेऊ नये.) कारण आहे एक खेळ. दर रविवारी दुपारी आम्ही चौघे तो खेळतो आणि खेळून उठताना आमच्या वह्यांतून हजारो सोन्याची नाणी जमा झालेली असतात. चहाचे पैसे मात्र वर्गणी काढून द्यावे लागतात.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्याचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्सने डेव्ह आर्नेसन या आपल्या मित्राबरोबर हा खेळ रचला आणि १९७४ साली तो छापून विकायला काढला. याला पट लागतोच असे नाही, पत्ते तर नाहीतच. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रे व्हायचे. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. काय करायचे ते ज्याने त्याने बोलून सांगायचे, आणि जमले की फसले ते फाशांनी ठरवायचे. गोष्ट सांगणाऱ्याला डन्जन मास्टर म्हणतात. आमच्यात ते काम माझ्याकडे आहे. बाकी तिघांपैकी एक धारवाडचा, एक संकेश्वरचा आणि एक डिचोलीचा. म्हणजे आमचा योद्धा कन्नडमधून तलवार उपसतो, मांत्रिक आमच्या बेळगावी मराठीतून मंत्र म्हणतो आणि चोर कोकणीतून पळ काढतो. राक्षसांना तिन्ही भाषा समजतात.

आता खेळातल्या नाण्यांकडे येतो. मूळ कल्पना साधी आहे: तांबे, चांदी, सोने आणि वर प्लॅटिनम. चांदी आणि सोने यांच्या मध्ये इलेक्ट्रम नावाचे आणखी एक नाणे. १९७८ सालच्या पुस्तकात दहा तांब्यांचे एक रुपे, वीस रुप्यांचे एक सोने आणि पाच सोन्यांचे एक प्लॅटिनम असा कोष्टकाचा हिशेब होता. पुढे १९८९ च्या आवृत्तीत रुप्याचे सोने दहाला एक झाले, आणि २००० सालच्या आवृत्तीत तांब्यापासून प्लॅटिनमपर्यंत सगळेच दहाला एक करून टाकले. इलेक्ट्रमला त्या वेळी काढून टाकले होते. २०१४ मध्ये ते परत आले. एकंदरीत आपल्या १९५७ सारखेच झाले म्हणायचे. मुलांना हिशेब सोपा जावा म्हणून आण्याचा बळी दिला.

वजनाची गोष्ट तर आणखी मजेची. १९७८ च्या नियमाप्रमाणे दहा नाण्यांचे वजन एक पौंड. पौंड म्हणजे जुन्या मापाने एकोणचाळीस तोळ्यांना किंचित कमी. म्हणजे जवळजवळ चार तोळ्यांचे एक नाणे! छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेला सोन्याचा होन सुमारे तीन ग्रॅमचा असतो. खेळातल्या एका नाण्यात पंधरा होन आरामात बसले असते. ही चूक बहुधा कोणाच्या तरी पाठीला कळ लागल्यावर लक्षात आली असावी, कारण पुढच्या आवृत्त्यांत पौंडाला पन्नास नाणी झाली. तरीसुद्धा एक नाणे नऊ ग्रॅमचे, पाऊण तोळ्याच्या थोडे वर. आणि तांब्याचे, रुप्याचे, सोन्याचे, सगळ्यांचे वजन एकच.

इथे माझे आजोबा गोष्टीत येतात.

आजोबांनी शहापुरात सराफ गल्लीतल्या एका पेढीवर चाळीस वर्षे मुनीम म्हणून काढली. त्यांचे धाकटे भाऊ सोनारकाम करीत. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरटपेक्षा चोख दागिना घडवायला बंदी झाली, आणि धाकट्या आजोबांनी फुंकणी खाली ठेवून कोल्हापूरची वाट धरली ती ओतकामाच्या कारखान्यात. ते परत सोनारकामाला बसले नाहीत. १९६८ चा तो कायदा १९९० साली रद्द झाला, त्या वेळी त्यांची नजर गेलेली होती. आजोबांच्या डोळ्यांतही आता मोतीबिंदू आहे, पण कान शाबूत आहेत. जुना रुपया फरशीवर टाकला तर तो राणीचा की राजाचा हे ते आवाजावरून सांगतात, असा आमच्या घरी समज आहे. मी एकदा परीक्षा पाहिली होती. पाचांपैकी चार बरोबर आले. पाचव्याच्या वेळी रस्त्यावरून लग्नाची वरात चालली होती.

गणपतीच्या सुट्टीत वसतिगृह बंद असल्याने आमचा डाव आमच्या घरच्या सोप्यावर मांडला होता. आजोबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. डिचोलीकर चोराने एका थडग्यातून चारशे सोन्याची नाणी काढली आणि मी वजनाचा हिशेब सांगू लागलो, तसे ते म्हणाले, “थांब की जरा. सोनं नि रुपं एकाच वजनाचं म्हणतोस?”

“होय आजोबा. पाऊण तोळ्याच्या थोडं वर.”

“आणि दहाला एक?”

“दहाला एक.”

“तांबं पण रुप्याच्या दहाला एकच?”

“होय.”

“मग मला तुमच्या त्या देशात धाडा बघू,” आजोबा डोळे न उघडताच म्हणाले. “जाताना नुसतं तांबं घेऊन जातो.”

आम्ही हसलो. पण रात्री मी वही घेऊन बसलो आणि माझे हसू मावळले. ऐने-अकबरीत अकबराच्या नाण्यांचे हिशेब दिलेले आहेत. एका रुपयाला चाळीस दाम. दाम तांब्याचा, सुमारे २१ ग्रॅमचा. रुपया चांदीचा, सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. गुणाकार केला तर एक तोळा चांदीला बहात्तर-त्र्याहत्तर तोळे तांबे पडते. खेळात पडते दहा तोळे. म्हणजे आजोबांनी आग्र्याहून त्र्याहत्तर तोळे तांबे गाढवावर लादून या कल्पित राज्यात नेले, तर आग्र्यात ज्याला एक तोळा चांदी मिळाली असती त्याचे तिथे सात तोळे चांदी हातात! आणि सोन्याचे काय? अकबराची गोल मोहर नऊ रुपयांची. वजने धरून हिशेब केला तर सोने चांदीच्या साडेनऊ पटीच्या आत-बाहेर येते. म्हणजे सोन्या-चांदीच्या बाबतीत खेळवाल्यांचा ‘दहाला एक’ अकबराच्या बाजारात जवळजवळ जसाच्या तसा चालला असता. फसवणूक आहे ती तांब्यात. गोरगरिबाच्या नाण्यात. हे मला फार अर्थपूर्ण वाटले, कारण खेळणारे तांब्याची नाणी उचलतच नाहीत. राक्षस मेल्यावर सोने-चांदी गोळा करतात आणि तांबे गुहेत टाकून पुढे जातात.

आजोबा सांगत होते तो धंदा इतिहासात खरोखर झाला आहे. सन १६०० च्या सुमारास युरोपात एक भाग सोन्याला बारा भाग चांदी पडे, तर चीनमध्ये सहा-सात भागच. झाले, अमेरिकेतल्या खाणींची चांदी जहाजे भरभरून चीनकडे धावू लागली. १८५९ साली जपानची बंदरे परदेशी व्यापाऱ्यांना उघडी झाली तेव्हा तिथे सोने चांदीच्या पाचपट भावाने मिळत होते आणि बाहेरच्या जगात पंधरापट. काही महिन्यांत जपानचे सोने बोटींवर चढले. दोन गावांत धातूचा भाव वेगळा असला की त्यांच्या मध्ये एक माणूस गाढव घेऊन चालू लागतो. खेळात शेकडो राज्ये आहेत, खुजे लोक डोंगरात सोने खणतात, परीवंशी लोक जंगलात राहतात, समुद्रापलीकडे सुलतान आहेत. पण सगळीकडे भाव एकच. तो गाढववाला माणूस कुठे दिसत नाही. ड्रॅगनवर माझा विश्वास बसतो, यावर बसत नाही.

इलेक्ट्रमबद्दल मात्र मला ममत्व आहे. खेळणारे त्याला कंटाळतात, कारण त्याचा भाव अर्ध्या सोन्याचा असल्याने दशमानाच्या हिशेबात ते खड्यासारखे लागते. पण हे एकच नाणे असे आहे की ज्याला अस्सल वाडवडील आहेत. सोने आणि चांदी यांचे हे निसर्गातच सापडणारे मिश्रण. आजच्या तुर्कस्तानात असलेल्या लिडिया राज्यात इसवी सनापूर्वी सातव्या शतकात जगातली अगदी पहिली म्हणता येतील अशी नाणी पाडली गेली ती याचीच. अडचण अशी की नाण्यात सोने किती नि चांदी किती हे डोळ्यांना कळत नाही. पुढे क्रीसस राजाने शुद्ध सोन्याची आणि शुद्ध चांदीची वेगवेगळी नाणी काढली. म्हणजे जगाच्या पहिल्या नाण्यातच भेसळीचा संशय होता, आणि कसोटीचा दगडही लिडियाच्याच नावाने ओळखला गेला. आजोबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग आमचं मूळ गाव तेच की.”

प्लॅटिनमचे उलटे. खेळात ते राजे-महाराजांचे नाणे, सोन्याच्या दहापट भावाचे. खऱ्या मध्ययुगात युरोपात प्लॅटिनम कोणाला ठाऊकच नव्हते. दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश लोकांना सोने धुताना ही पांढरी, जड आणि वितळायला नकार देणारी धातू सापडू लागली तेव्हा त्यांनी तिला ‘चिमुकली चांदी’ अशा अर्थाचे तुच्छतेचे नाव दिले. सोन्यात भेसळ करायला सोयीची म्हणून ती त्यांना संकटच वाटे. ती वितळायला जवळजवळ १७७० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ड्रॅगनच्या श्वासाची सोय असल्याशिवाय मध्ययुगीन टाकसाळीला हे जमणारे नाही. रशियाने १८२८ ते १८४५ या काळात प्लॅटिनमचे रूबल पाडून पाहिले आणि नाद सोडला. २०१५ पासून पुढे तर बरीच वर्षे प्लॅटिनम सोन्यापेक्षा स्वस्त विकले गेले. खेळाच्या पुस्तकात हे कोणी कळवलेले नाही.

आता ज्या एका गोष्टीने मी खरोखर अस्वस्थ झालो ती सांगतो. २०१४ च्या पुस्तकात व्यापारी मालाच्या भावांचा एक तक्ता आहे. कोंबडी दोन तांब्यांना, बकरी एका सोन्याला, गाय दहा सोन्यांना, एक पौंड मीठ पाच तांब्यांना, एक पौंड केशर पंधरा सोन्यांना. त्यातच लिहिले आहे: एक पौंड सोने पन्नास सोन्याच्या नाण्यांना. आणि नाणी पौंडाला किती बसतात? पन्नास. म्हणजे लगडीचे नाणे करा, नाण्याची लगड करा, फुलदाणी वितळवा, किंमत तसूभर हलत नाही. टाकसाळवाला काही घेत नाही. सोनार काही घेत नाही. घट नाही, तूट नाही, मजुरी नाही, बट्टा नाही.

गेल्या वर्षी माझ्या आणि ताईच्या फीची तारीख एकाच आठवड्यात आली. बाबांचा पगार तीन महिने थकलेला. आईने काही न बोलता हातातल्या पाटल्या काढून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. त्या तिच्या आईच्या. बाबा त्या कागदात गुंडाळत होते तेव्हा आजोबांनी हात पुढे केला. त्यांचा तो काळा दगड देवघराच्या फडताळात असतो. पाटलीची कड दगडावर एकदा ओढली, बोट फिरवले, दगड खिडकीजवळ नेऊन तिरका धरला, मग बाबांना म्हणाले, “बावीसला जरासं कमी आहे. नव्वदच्या खाली कोणी सांगितलं तर उठून या. डाग दोन ठिकाणी आहे, त्याची तूट मान्य करा.” बाबांबरोबर मी गेलो. दुकानाचे नाव इथे सांगायचे कारण नाही. तिथल्या यंत्राने नव्वद पूर्णांक सहा दाखवले. तरीही दुकानदाराने आधी सत्त्याऐंशी धरून आकडा मांडला होता. बाबांनी आजोबांचे शब्द उच्चारले तसा तो दुरुस्त झाला. डागाची तूट गेली. पन्नास वर्षांपूर्वी कोणी तरी जी वेलबुट्टी कोरली होती तिची मजुरी तर केव्हाच गेलेली. ती परत मिळत नसतेच. मुशीत पाटल्या कडेने आधी वाकल्या आणि मग एकदम पाणी झाल्या. फी भरली गेली. राहिलेल्या पैशातून आईने ताईला चप्पल घेतली.

त्या रविवारी खेळात आमच्या योद्ध्याने राणीच्या थडग्यातले कंकण गावच्या सराफाला विकायला काढले. पुस्तकाप्रमाणे मी त्याला पुरे अडीचशे सोने द्यायला हवे होते. पुस्तक स्पष्ट आहे; मौल्यवान वस्तू बाजारात पुऱ्या किमतीला जाते. मी एकशे नव्वद दिले. धारवाडकर योद्धा भांडायला उठला. मी म्हणालो, “डाग आहे.” तो म्हणाला, “डाग म्हणजे?” मी डागाचा अर्थ सांगितला, सांधा जोडायला हलके धातू मिसळलेले सोने वापरतात ते, मग मजुरीचा, घटीचा, बट्ट्याचा अर्थ सांगितला. अर्धा तास राक्षस तसाच उभा राहिला.

या भांडणातूनच आमचा खेळ बदलला. धारवाडकराने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले की होन हा शब्द तुमचा नव्हेच, तो आमच्या ‘होन्नु’वरून आला, होन्नु म्हणजे सोने. खरेच आहे. आणि कन्नडमध्ये पैशाला ‘हण’ म्हणतात, तेही जुन्या चिमुकल्या सोन्याच्या नाण्याचे नाव. ‘दुड्डु’ म्हणतात ते तांब्याच्या नाण्याचे. आपण मराठीत सगळ्या धनाला ‘पैसा’ म्हणतो, तेही तांब्याचेच नाणे. यावर त्याने अशी कोटी केली की कन्नड माणसाला सोने आणि तांबे दोन्ही आठवते, मराठी माणसाला फक्त तांबे. (तो याच अंकाच्या कन्नड विभागात लिहीत आहे, तिथे त्याने हीच कोटी केली असल्यास वाचकांनी ती माझ्यापाशीच आधी ऐकली असे समजावे.) शिवाजी महाराजांनी तांब्याची शिवराईही पाडली आणि ती पुढे इंग्रजी अमदानीतही गावोगाव चालत राहिली, एवढे उत्तर मी दिले. होन संग्रहालयात गेले, शिवराई बाजारात टिकली.

मग आम्ही ठरवले की आमच्या राज्यात ‘सोन्याचे नाणे’ असे मोघम काही चालायचे नाही. प्रत्येक राजाची टाकसाळ वेगळी. पेशवाईत अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, बागलकोटी रुपया असे कितीतरी रुपये एकाच वेळी बाजारात होते; प्रत्येकाचा कस वेगळा, आणि एका ठिकाणचा दुसऱ्या ठिकाणी चालवताना सराफ बट्टा घेई. नावाला बट्टा लागतो तो हाच. या खेळाच्या जगातही एक वॉटरडीप नावाचे मोठे शहर लेखकांनी कल्पिले आहे. तिथे पितळेचे एक चौकोनी, भोक पाडलेले नाणे शहरात दोन सोन्यांना चालते आणि वेशीबाहेर त्याला कोणी विचारीत नाही. हे वाचून धारवाडकर ओरडलाच, “अरे, हा तर तुघलक!”

गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ १९६४ साली कन्नडमध्ये आले आणि तेंडुलकरांनी ते मराठीत आणले, त्यामुळे आमच्या दोघांच्याही घरी तो सुलतान ओळखीचा. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात हलक्या धातूचे नाणे काढून ते चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवण्याचा हुकूम सोडला. घरोघरी टाकसाळी निघाल्या. शेवटी त्याने ती नाणी खजिन्यातून चांदी देऊन परत घेतली, खरी आणि खोटी एकत्रच. कल्पना वेडगळ नव्हती; आज आपल्या खिशातला कागद त्याच कल्पनेवर चालतो. वॉटरडीपच्या पितळेत आणि तुघलकाच्या पितळेत फरक एवढाच की वॉटरडीपमध्ये जादूगार पहारा देतात असे समजता येते. दिल्लीच्या सोनाराला अडवायला सुलतानाकडे जादूगार नव्हते.

आता राहिला सगळ्यात मोठा प्रश्न. ड्रॅगनचा साठा. आमच्या वीरांनी वैशाखात एक लाल ड्रॅगन मारला आणि वीस हजार सोन्याची नाणी गावात आणली. चारशे पौंड, म्हणजे एकशे ऐंशी किलोच्या वर. गाव तीनशे वस्तीचे. त्या जगात साध्या मजुराला दिवसाला दोन रुपे मिळतात. वीस हजार सोने म्हणजे एक लाख दिवसांची मजुरी! गावात शंभर मजूर धरले तर त्या सगळ्यांना जवळजवळ तीन वर्षे घरी बसवून पोसता येईल. पुस्तक म्हणते की दुसऱ्या दिवशीही कोंबडी दोन तांब्यांनाच मिळेल. गायगॅक्सला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९७८ च्या पुस्तकात त्याने स्वतःच सांगितले आहे की हे भाव सोने सापडलेल्या अलास्कातल्या गावांसारखे समजा, जिथे अंडे एका डॉलरला विकले जाई. म्हणजे भाव आधीच चढवून ठेवले आहेत. युक्ती चांगली, पण अलास्कातही सोने संपले की गाव उठून जाते.

१३२४ साली मालीचा बादशहा मन्सा मुसा हजला निघाला आणि वाटेत कैरोत त्याने इतके सोने वाटले की तिथे सोन्याचा भाव पडला. अल-उमरी नावाच्या लेखकाने दहा-बारा वर्षांनंतर चौकशी केली तरी भाव पूर्ववत झालेला नव्हता. आणि मन्सा मुसाने तर कोणाला मारले नव्हते.

संगणकावरच्या खेळांत हेच दुखणे हजारोंच्या संख्येने दिसते. तिथे राक्षस मारला की नाणी हवेतून निर्माण होतात. कोणा राजाच्या खाणीतून येत नाहीत. नळ सतत चालू; मोरी मोठी नसेल तर घर तुंबणार. म्हणून खेळ चालवणारे दुरुस्तीचा खर्च, प्रवासाचे भाडे, बाजाराचा कर अशा मोऱ्या पाडतात. ‘डायब्लो’च्या दुसऱ्या भागात सोने इतके फुकट झाले की लोक एका विशिष्ट अंगठीलाच चलन मानून व्यवहार करू लागले. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली ‘एव्हरक्वेस्ट’ नावाच्या खेळातल्या नॉराथ देशाचा अभ्यास केला. तिथले एक प्लॅटिनम नाणे खऱ्या बाजारात एका अमेरिकन सेंटच्या थोडे वर विकले जात होते आणि दरडोई उत्पन्न वर्षाला २,२६६ डॉलर पडत होते. ज्या देशाला जमीन नाही त्याची माणसे कित्येक खऱ्या देशांतल्या माणसांपेक्षा सधन निघाली.

आजोबांना मी ड्रॅगनबद्दल विचारले. आपल्याकडे धनावर नाग बसतो, त्यांच्याकडे ड्रॅगन, एवढे सांगितले तेव्हा त्यांना लगेच कळले. म्हणाले, “नाग बसलाय तोवर ते सोनं बाजारात नाहीच. त्यानं भाव धरून ठेवलेला असतो. तुम्ही नाग मारला, म्हणजे सावकार मारला नि पेढी फोडली.” मी म्हणालो, जुन्या नियमाप्रमाणे एक सोन्याचे नाणे गुहेतून सुखरूप बाहेर आणले की खेळाडूला अनुभवाचा एक गुण मिळत असे, सोन्याच्या प्रमाणात माणूस शहाणा होई. यावर ते बराच वेळ हसले. “चाळीस वर्षं मी उलटंच बघितलं,” म्हणाले.

आमच्या गावात आता काय झाले आहे ते सांगतो. कोंबडी एका सोन्याला गेली आहे. दोन मजूर कुटुंबे शेजारच्या खोऱ्यात निघून गेली, कारण त्यांच्या घरात ड्रॅगनच्या सोन्यातले काही आले नाही आणि ज्वारी मात्र त्यांनाही त्याच भावाने घ्यावी लागते. (खेळाच्या पुस्तकात ज्वारी नाही. आमच्यात आहे.) योद्ध्याने आपले सोने गावच्या तळ्यावर घाट बांधायला काढले आहे, मांत्रिकाला ते पसंत नाही, त्याला मनोरा हवा. चोर गाढव विकत घेऊन तांब्याचे भाव विचारत फिरतो आहे. आणि आजोबांनी माझ्याकडून सांगून एक कागद लिहून घेतला आहे: सात राजांची नाणी, प्रत्येकाचा कस, प्रत्येकाचा बट्टा, डागाची तूट वेगळी. खाली त्यांनी मोडीत सही केली आहे. धारवाडकराला ती वाचता येत नाही, मलाही येत नाही. पण पुढच्या रविवारपासून गुहेतून जे काही निघेल ते त्या कागदाप्रमाणेच मोजायचे, हे तिघांनी कबूल केले आहे.